नाक्यावर कोणाला थांबवितात?

आमच्या किनवटच्या उत्तरेस पैनगंगा वाहते. अलीकडे नांदेड जिल्हा, पलीकडे यवतमाळ. आज एस. टी. पुलावरून पलीकडे जाते तेव्हा डुलकी लागलेला उतारू जागाही होत नाही. परंतु १९४८ सालापर्यंत हीच नदी दोन अमलांची सरहद्द होती. अलीकडे निजामाचे हैदराबाद संस्थान, पलीकडे इंग्रजी कारभाराखालचे वऱ्हाड. किनवट त्या काळी आदिलाबाद जिल्ह्यात होते. ते नांदेड जिल्ह्यात आले १९५६ साली. नदी ओलांडली की नाणे बदले, हाली सिक्क्याऐवजी कलदार चाले, आणि मालावर जकात भरावी लागे. जकातीच्या या खात्यास ‘करोडगिरी’ म्हणत. १८०२ साली इंग्रजांशी झालेल्या व्यापारी तहात या जकातीची मर्यादा शेकडा पाच अशी ठरलेली होती.

आमची आजी नदीपलीकडची. माहेराहून परत येताना तिला नवे लुगडे मिळे. नव्या कापडावर जकात, नेसूच्या वस्त्रावर नाही. म्हणून ती नदीत लुगडे खळबळून काढी, पिळी, आणि तेच नेसून नाक्यापुढून जाई. परंतु नाक्यावरचा जवान काही दूधखुळा नव्हता. भर उन्हात ओल्या लुगड्याने येणारी बाई दिसली की तो तिलाच थांबवी. हे ध्यानात आल्यावर बायका लुगडे आदल्या दिवशी माहेरीच धुऊन वाळवून नेसू लागल्या. मग जवान पदराचा काठ चिमटीत धरून खळ गेली की नाही हे पाहू लागला. आजी हे सांगताना म्हातारपणीही संतापे. तिचा राग जकातीवर नव्हता, त्या हातावर होता.

आजच्या विषयातील बहुतेक सर्व गोष्टी या हकिगतीत आहेत. नाक्यावरच्या अंमलदारास सर्वांना तपासता येत नाही, म्हणून तो खुणा शोधतो. ती खूण लोकांना कळली की लोक ती पुसतात. मग तो नवी खूण धरतो. आणि या शोधाशोधीत ज्यांचा काही अपराध नाही अशांच्या अंगाला हात लागतो.

हैदराबाद संस्थान गेले तरी करोडगिरी लगेच गेली नाही. भारताच्या राज्यघटनेच्या ३०६व्या कलमाने अशा राज्यांना केंद्र सरकारशी करार करून जास्तीत जास्त दहा वर्षे ही जकात चालू ठेवण्याची मुभा दिली होती. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने ते कलम रद्द झाले. आज आमच्या लोकांची जकात-अंमलदाराशी गाठ पडते ती विमानतळावर. आमच्या भागातून आणि शेजारच्या आदिलाबाद-निजामाबादकडून माणसे आखाती देशांत मजुरीस जातात. त्यांची कागदपत्रे पाहून देणे हे आमच्या युनियनचे एक कामच झाले आहे. अशाच एका गवंड्याने आम्हांस विचारले, “दोनदा आलो, दोनदा मलाच बाजूला काढले. चाकाची पेटी ओढणारा साहेब माझ्या पुढे सरळ निघून गेला. माझ्या तोंडावर काही लिहिले आहे का?” हा प्रश्न आम्ही मनावर घेतला आणि जमेल तसे वाचून काढले. त्यातून जे उमगले ते येथे मांडतो.

प्रथम जुनी गोष्ट. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शुल्काध्यक्षाचे प्रकरण आहे. नाक्यावर आलेल्या व्यापाऱ्यांची नोंद चार-पाच जणांनी करावी. कोण, कोठून आला, माल किती, पहिली मोहोर कोठे उठली, हे लिहून घ्यावे, असे त्यात सांगितले आहे. व्यापाऱ्याच्या वेषातील हेराने तांड्यातील मालाची खबर आधीच राजाकडे पोचवावी, म्हणजे नाक्यावर ‘तुमचा माल अमुक इतका आहे’ असे सांगता येईल, हीही युक्ती तेथे आहे. तात्पर्य, माणसाच्या चेहऱ्यावरून ओळखण्यापेक्षा आधी मिळालेली खबर बरी, हे त्या काळीही ठाऊक होते.

आजची पद्धत पाहू. विमानातून उतरलेल्या प्रवाशापुढे दोन वाटा असतात, लाल आणि हिरवी. ज्याच्याजवळ जकातीस पात्र माल आहे त्याने लाल वाटेने जाऊन तो जाहीर करावयाचा. ज्याच्याजवळ नाही त्याने हिरव्या वाटेने निघून जावयाचे. म्हणजे पहिली निवड अंमलदार करीत नाही, प्रवासी स्वतःच करतो. हिरव्या वाटेवर पाऊल टाकणे म्हणजे ‘माझ्याजवळ काही नाही’ असे न बोलता सांगणे होय. आमचे पुष्कळ लोक हे न जाणता गर्दीमागून हिरव्या वाटेने जातात आणि मग खोटे सांगितल्याचा ठपका येतो.

दुसरी निवड खबरीवरून होते. खबऱ्यास जप्त मालाच्या किमतीच्या शेकडा वीसपर्यंत बक्षीस देण्याची सरकारी योजना आहे, यावरून खबरीची किंमत कळावी. तिसरी निवड कागदावरून होते. २०२२ साली झालेल्या नियमांनुसार विमान कंपन्यांनी परदेशी प्रवासाची नोंद उड्डाणाच्या चोवीस तास आधी सीमाशुल्क खात्याच्या केंद्राकडे पाठवावयाची आहे. तिकीट केव्हा काढले, पैसे कसे भरले, मार्ग कोणता, सामान किती, हे तीत असते. दोन दिवसांसाठी दूरदेशी जाऊन येणारा, आणि तेही महिन्यात तीनदा, अशा माणसाचे नाव त्या नोंदीतून वर येते. चौथी निवड यंत्राने होते. पेट्या पट्ट्यावर येण्याआधी क्ष-किरणांखालून जातात आणि संशय आला तर पेटीवर खडूची खूण होते. माणसाने पेटी उचलली की ती खूण दरवाज्यावरच्या अंमलदारास दिसते. या सर्वांनंतर पाचवी निवड उरते ती नजरेची: हा घाबरला आहे, हा घामेजला आहे, याचे सामान आणि याचे कपडे जुळत नाहीत.

वाद आहे तो या पाचव्या निवडीचा. तिचा हिशेब आपण मांडून पाहू. समजा, एका दिवशी हजार प्रवासी उतरले आणि त्यांत दहा जण चोरटा माल आणणारे आहेत. समजा, या दहांपैकी आठ जण घाबरलेले दिसतात. खूण फारच चांगली म्हणावयाची. परंतु उरलेल्या ९९० सरळ माणसांतही पाचातला एक घाबरलेला असतो. कोणी पहिल्यांदाच विमानात बसलेला असतो, कोणास भाषा येत नाही, कोणास खाकी किंवा पांढरा गणवेश दिसला की लहानपणापासून धडकी भरते. ९९० चा पाचवा हिस्सा १९८. म्हणजे घाबरलेले सर्व थांबविले तर २०६ माणसे थांबतील आणि त्यांत सापडतील आठ. शंभर थांबवावेत तेव्हा चार हाती लागावेत. बाकीचे शहाण्णव विनाकारण उघड्यावर आपले कपडे काढून दाखवीत बसतील.

नजरेची खूण किती लवचीक असते याचे उदाहरण अमेरिकेतील एका निकालात आहे. १९८९ च्या सोकोलो खटल्यात न्यायमूर्ती थर्गुड मार्शल यांनी आपल्या विरोधी मतात जुने खटले काढून दाखविले. अंमली पदार्थ पकडणाऱ्या अंमलदारांनी एका खटल्यात ‘हा विमानातून सर्वांत आधी उतरला’ म्हणून संशय घेतला होता, दुसऱ्यात ‘सर्वांत शेवटी उतरला’ म्हणून, आणि तिसऱ्यात ‘मध्येच उतरला’ म्हणून. आधी माणूस ठरवावयाचा आणि मग खूण शोधावयाची, असा हा प्रकार झाला.

त्याच देशात पुढे हिशेब तपासला गेला. अमेरिकी संसदेच्या जनरल अकाउंटिंग ऑफिसने मार्च २००० मध्ये अहवाल दिला. त्यात असे आढळले की, १९९८ च्या वर्षात अंगझडतीनंतर क्ष-किरण तपासणीस धाडण्याचे प्रमाण अमेरिकेच्याच नागरिक असलेल्या काळ्या स्त्रियांत गोऱ्या स्त्रियांच्या नऊपट होते. आणि त्या तपासणीत माल सापडण्याचे प्रमाण मात्र गोऱ्या स्त्रियांच्या निम्म्याहूनही कमी. म्हणजे जिकडे बोट दाखविले तिकडे चोर कमी होते. तेथील सीमाशुल्क खात्याचे प्रमुख रेमंड केली यांनी त्या सुमारास संशयाच्या त्रेचाळीस लक्षणांची जुनी यादी काढून टाकली आणि सहा व्यापक कसोट्या ठेवल्या. झडत्या सुमारे तीन चतुर्थांशाने घटल्या आणि झडतीत माल सापडण्याचे प्रमाण वाढले. कमी माणसांना त्रास आणि अधिक चोर हाती, असा दुहेरी लाभ झाला.

याचे कारण समजण्यास मोठी विद्या लागत नाही. नाक्यावर गाठोडेवाल्यास अडवितात हे एकदा चोरास कळले की तो चाकाची पेटी घेतो, चांगला कोट घालतो आणि पुढून निघून जातो. गरिबास मात्र गाठोडे टाकून कोट घेता येत नाही. खूण पुसण्याची ऐपत चोरास असते, मजुरास नसते.

आता कायदा काय म्हणतो? आपला सीमाशुल्क कायदा १९६२ चा आहे. अंगावर जप्तीयोग्य माल लपविला आहे असे मानण्यास कारण असले तरच अंमलदारास प्रवाशाची अंगझडती घेता येते. ज्याची झडती घ्यावयाची त्यास, १०२व्या कलमाप्रमाणे, ‘मला राजपत्रित अधिकाऱ्यापुढे किंवा दंडाधिकाऱ्यापुढे न्या’ असे म्हणण्याचा हक्क आहे. मात्र हा हक्क मागावा लागतो. न मागणाऱ्यास तो मिळत नाही. झडती दोन पंचांसमक्ष व्हावी लागते, आणि स्त्रीची झडती स्त्रीनेच घ्यावी लागते. कारण नसताना झडती घेणाऱ्या अंमलदारास १३६व्या कलमान्वये सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. २०२२ च्या ज्या नियमांचा वर उल्लेख केला त्यांतही प्रवाशाच्या नोंदीवरून त्याचा वंश, धर्म, राजकीय मत किंवा कामगार संघटनेचे सभासदत्व शोधू नये असे बंधन आहे. आमच्या धंद्यातल्या माणसास हे वाचून बरे वाटले, हे कबूल केले पाहिजे.

तर मग निवड करावी तरी कशी? सर्वांना सोडा असे आम्ही म्हणत नाही. जकात बुडविली तर ती अखेर सर्वांच्या खिशातून भरून निघते, आणि सोन्याच्या चोरट्या व्यापारात गरीब माणसासच थोड्या पैशांवर ओझेवाला करतात. २०२४ च्या जुलैत सरकारने सोन्यावरील आयात शुल्क पंधरावरून सहा टक्क्यांवर आणले. शुल्कातील तफावत जितकी मोठी, तितकी चोरीची हाव मोठी, हाच त्यामागचा एक विचार होता. खबर, कागद आणि यंत्र यांवरून थांबवावे. आणि याखेरीज काही जणांना थांबवावयाचेच असेल तर नजरेपेक्षा चिठ्ठी बरी. मेक्सिकोत अनेक वर्षे प्रवाशाने बटण दाबावयाचे आणि हिरवा दिवा लागला तर जावयाचे, लाल लागला तर सामान उघडावयाचे अशी रीत होती. दिव्यास कोणाचा कोट दिसत नाही.

ही रीत आम्ही स्वतः अनुभवली आहे. एका कारखान्याच्या फाटकावर सुटीच्या वेळी हमालांची आणि बायकांची रोज झडती होई, बाबूलोकांची कधी नाही. यावर वाद झाला तेव्हा आम्हीही एक चूक केली. ‘आमची माणसे चोर नाहीत, ते कंत्राटी पोरे पाहा,’ असे बोलून गेलो. सभेत एका म्हाताऱ्या हमालाने आम्हांस तेथेच टोकले की, बोट फिरवले म्हणजे न्याय होत नाही. पुढे तडजोड झाली ती अशी: फाटकाशी एक थैली, तीत पांढऱ्या गोट्या आणि थोड्या लाल. बाहेर जाणाऱ्या प्रत्येकाने हात घालावयाचा. लाल आली त्याची पिशवी उघडावयाची, मग तो कोणीही असो. पहिल्याच आठवड्यात एका बड्या कारकुनाच्या हाती लाल गोटी आली. डब्यात अर्धी भाकरी निघाली. त्या दिवसापासून झडतीवाले सर्वांशीच नीट बोलू लागले.

परदेशातून येणाऱ्या आपल्या माणसांनी एवढे करावे. शुल्कमाफीची मर्यादा वेळोवेळी बदलते. २०१६ च्या नियमांत ती सर्वसाधारणपणे पन्नास हजार रुपये होती. निघण्यापूर्वी ताजा आकडा विचारून घ्यावा. पावत्या वरच ठेवाव्यात. शंका असेल तर लाल वाटेने जावे. त्यात कमीपणा नाही. दुसऱ्याने दिलेले पुडके आणू नये, मग तो सख्खा मावसभाऊ का असेना. थांबविले तर वाद न घालता कारण विचारावे, आणि अंगझडतीची वेळ आली तर वर सांगितलेला हक्क मागावा.

तो गवंडी गेल्या दिवाळीत परत आला. तिसऱ्यांदाही त्यास थांबविले. या वेळी त्याने पावत्या पुढे ठेवल्या आणि विचारले, “साहेब, मलाच का?” अंमलदाराने पेटीवरची खडूची खूण दाखविली आणि यंत्रात वेटोळ्यासारखे काही दिसले, असे सांगितले. पेटी उघडली. बायकोसाठी आणलेल्या शिलाई यंत्राची मोटार होती. दहा मिनिटांत तो मोकळा झाला. आम्हांस हे सांगताना तो मोटारीबद्दल फारसे बोललाच नाही. “कारण सांगितले हो,” एवढेच त्याने दोनदा म्हटले.