रंग गेला, रसायन गेले का?

सुरतच्या पांडेसरा आणि सचिन औद्योगिक वसाहतींतील रंगाई-छपाईच्या मिलांच्या सांडपाण्यात नुसता रंग नसतो. पॉलिएस्टर कापड मऊ करण्यासाठी कॉस्टिक सोड्यात उकळताना सुटणारे टेरेफ्थॅलिक आम्ल व इथिलीन ग्लायकॉल, तसेच धुलाईची फेसाळ द्रव्ये त्यात मिसळलेली असतात. यांपैकी कोणते द्रव्य पाण्यातील जिवाणूंना पचेल, हे नजरेने ठरत नाही.

त्यासाठी ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची, १९९२ साली सुधारलेली, ३०१ क्रमांकाची मार्गदर्शिका प्रमाण मानली जाते. तपासायचे रसायन हाच कार्बनचा मुख्य स्रोत असलेल्या क्षारयुक्त पाण्यात, त्या रसायनाला न सरावलेले थोडेसे जिवाणू सोडून, बाटल्या साधारण २२ अंश सेल्सियसला अंधारात २८ दिवस ठेवल्या जातात; विरघळलेल्या सेंद्रिय कार्बनपैकी ७० टक्के नाहीसा झाला, किंवा पूर्ण विघटनाला लागणाऱ्या प्राणवायूपैकी ६० टक्के खर्ची पडला, तर ते ‘सहज जैवविघटनशील’ ठरते. शिवाय बहुतेक पद्धतींत विघटन १० टक्क्यांवर गेल्यापासून १० दिवसांत ही पातळी गाठावी लागते. जिवाणू जोमदार आहेत ना, हे पाहण्यासाठी शेजारच्या बाटलीत सोडियम बेन्झोएटसारखे सहज पचणारे द्रव्य असते. कसोटी मुद्दाम कडक ठेवलेली आहे, त्यामुळे तीत नापास झालेले रसायन कधीच विघटत नाही असे मात्र नव्हे. अशा रसायनांसाठी सांडपाणी-प्रक्रियेतला जिवाणूयुक्त गाळ भरपूर वापरणारी झान-वेलेन्स चाचणी आहे.

खरी फसगत अन्यत्र होते. रसायन गाळाला नुसते चिकटले तरी पाण्यातला कार्बन घटतो. ॲझो रंगांचा नायट्रोजन-बंध प्राणवायूविना तुटला की पाणी फिके होते, पण ॲरोमॅटिक अमाइन मागे उरतात. आणि नॉनिलफिनॉल इथॉक्सिलेट या धुलाईद्रव्याची साखळी झिजल्यावर राहणारे नॉनिलफिनॉल माशांच्या संप्रेरकांत ढवळाढवळ करते. भारतात २७ अंशांना ३ दिवस मोजली जाणारी जैविक प्राणवायू-मागणी, अर्थात बीओडी, संपूर्ण सांडपाण्याचा हिशेब देते, एकेका रसायनाचा नव्हे. ती कमी भरली म्हणजे प्रत्येक घटक पचला, असे समजणे चूकच.

म्हणून रसायन खरेच विघटते का, ही विचारणा मिलच्या नाल्यावर नव्हे, खरेदीच्या वेळीच व्हायला हवी. रसायनासोबत येणाऱ्या सुरक्षा-माहितीपत्रकाच्या १२व्या विभागात विघटनाची माहिती असते. तिथे चाचणीचा क्रमांक, दिवस आणि टक्केवारी नसेल, तर पिंपावरच्या ‘बायोडिग्रेडेबल’ या शिक्क्यावर खरेदीदाराने विसंबू नये.