रंग पिणारी माती

नापाक वस्तू पडून पाण्याचा रंग, चव किंवा वास बदलला तर त्याने वुजू होत नाही, हे आपल्या घरातली मुले लहानपणीच शिकतात. कापडाचा रंग स्वतः नापाक नसेलही. पण रंगखान्यातून वाहणारे पाणी कोण तोंडाला लावील? सुती कापडावर चढवलेला सगळा रंग धाग्यात बसत नाही. उरलेला धुलाईबरोबर नाल्यात जातो. मालेगाव-भिवंडीकडच्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको.

हा रंग माती ओढून घेते म्हटल्यावर वर्गातली मुले हसली. मग आम्ही प्रयोगशाळेतल्या मेथिलीन ब्लूचे फिकट निळे पाणी घेतले, त्यात घरचीच मुलतानी माती ढवळली आणि ठेवून दिली. माती निळी होऊन तळाशी बसली, वरचे पाणी जवळजवळ नितळ. शेजारच्या ग्लासात इओसिनचे लाल पाणी होते. ते मात्र लालच राहिले.

मुलतानी माती काय किंवा कच्छमध्ये निघणारे बेंटोनाइट काय, दोन्ही अतिशय पातळ पापुद्र्यांची. बेंटोनाइटमधले मुख्य खनिज मॉन्टमोरिलोनाइट. त्याच्या एका ग्रॅमचे सगळे पापुद्रे सुटे करून पसरले तर सुमारे ७०० चौरस मीटर जागा व्यापतील! या पापुद्र्यांवर ऋण विद्युतभार असतो. मेथिलीन ब्लूचा भार धन, म्हणून ते चिकटते. इओसिनचा ऋण, म्हणून ते दूर राहते. आणि सुतासाठी वापरले जाणारे रिॲक्टिव्ह रंगही ऋणभारितच. म्हणजे नुसती माती तिथे फारशी उपयोगाची नाही.

म्हणून शास्त्रज्ञ मातीला जोड देतात. एक जोड केसांच्या कंडिशनरमध्ये असतात तशा धनभारित रसायनांची. दुसरी कायटोसानची, आणि आम्हाला हीच जास्त आवडते. कोकणात आपण कोळंबी सोलून जी टरफले फेकतो, त्यांपासून ते बनते. किंचित आंबट पाण्यात त्यावर धनभार येतो आणि ऋणभारित रंग त्याला धरून राहतात. माती व कायटोसान मिळून मणीही करता येतात, त्यामुळे गाळ न होता ते गाळून काढता येतात.

पण पाणी नितळ झाले म्हणून लगेच पिऊ नये. रंगवताना टाकलेले ढीगभर मीठ त्यात तसेच विरघळलेले असते. माती ते काढत नाही. आणि रंग प्यालेली माती? ती पुन्हा नाल्याकाठी ओतली तर रंग परत पाण्यात उतरू शकतो. ती धुऊन पुन्हा वापरायची की पक्क्या खड्ड्यात बंद करायची, हे कारखानदाराने आधीच ठरवायला हवे.