औषधांची व्यापारचिन्हे आणि काळजीचे कर्तव्य

व्यवसायविषयक कायदा शिकविताना निष्काळजीपणा, व्यापारचिन्ह व नीतिमत्ता ही स्वतंत्र प्रकरणे मानली जातात. कॅडिला हेल्थ केअर विरुद्ध कॅडिला फार्मास्युटिकल्स (२००१) या खटल्यात मात्र ती एकमेकांत गुंतलेली आढळतात.

एकाच उद्योगसमूहातून विभक्त झालेल्या या कंपन्यांची ‘फाल्सिगो’ व ‘फाल्सिटॅब’ ही औषधे मेंदूच्या हिवतापावरील होती. दोन्ही नावे ‘फाल्सिपेरम’ या परजीवीच्या नावावरून घेतलेली. घटकद्रव्ये मात्र भिन्न. चिठ्ठीवरच मिळणाऱ्या औषधांबाबत गफलत संभवत नाही, हा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला नाही. डॉक्टर व औषधविक्रेतेही चुकू शकतात, म्हणून औषधांच्या नावांतील साम्याची कसोटी अधिक कडक हवी, असे न्यायालयाने म्हटले. अंतरिम मनाईहुकूम मिळाला नाही. दावा या तत्त्वांनुसार निकाली काढावयाचा होता. साबणाची अदलाबदल झाल्यास पैसे जातात, औषधाची झाल्यास प्राण.

डोनह्यू विरुद्ध स्टीव्हन्सन (१९३२) या निर्णयाने उत्पादकावर अंतिम ग्राहकाप्रती काळजीचे कर्तव्य ठेवले. संभाव्य इजेचा वाजवी अंदाज हाच त्याचा पाया असल्याने औषधाचे नाव ठरवितानाही तोच विचार लागू व्हावयास हवा. अडचण अशी की, व्यापारचिन्हाच्या दाव्यात प्रतिस्पर्धी कंपनी वादी असते. रुग्ण पक्षकारच नसतो. येथे नीतिमत्तेचा प्रश्न उभा राहतो.

औषध-परवान्यापूर्वी व्यापारचिन्ह कार्यालयाचा शोध-अहवाल मागविण्याचा विचार व्हावा, असेही न्यायालयाने सुचविले होते. २०१९ च्या नियमदुरुस्तीने अर्जदाराकडून, नाव गोंधळ निर्माण करणारे नाही, असे हमीपत्र घेण्याची तरतूद केली. शोध घेणारा व हमी देणारा, दोन्ही उत्पादकच.