फुरसे की घोणशीचे पिल्लू?

भातकापणीच्या दिवसांत पारोळ, भाताणे, मेढे भागात भारे उचलताना किंवा आगाशी, नंदाखालच्या वाड्यांत केळीचा सुका पाला ओढताना फूटभराचे तपकिरी जनावर निघते. “पिल्लूच आहे,” म्हणून कोणी ते काठीने सारतो, कोणी चक्क पायाने. लांबीवरून सापाचे वय ठरवण्याची ही सवय सोडा.

कोकणातले फुरसे पूर्ण वाढले तरी साधारण फूटभरच असते. राजस्थान, सिंधच्या वाळवंटात त्याचीच उपजात दोन फुटांपुढे जाते, आपल्याकडची नाही. घोणस मात्र चार-पाच फुटांची होते. ती अंडी न घालता पिल्ले देते, एका वेळी वीस-चाळीससुद्धा. पावसाच्या तोंडाला जन्मलेली ही पिल्ले कापणीच्या वेळी फुरशाएवढीच दिसतात आणि जन्मापासून विषारी असतात.

तेव्हा नक्षी पाहावी, तीही चार पावले मागे सरून. घोणशीच्या अंगावर साखळीच्या कड्यांसारखे काळ्या कडांचे लंबगोल ठिपके तीन रांगांत असतात. डिवचली की कुकरच्या शिट्टीसारखी फुसफुसते. फुरशाच्या डोक्यावर बाणासारखी फिकट खूण असते आणि दोन्ही कुशींना पांढरी नागमोडी रेघ. ते अंगाचे वेटोळे एकमेकांवर घासते, त्याची करवतीसारखी करकर ऐकू येते.

डुरक्या घोणस बिचारी नावापायीच मार खाते. तिला विष नाही. ठिपके वेडेवाकडे, एकात एक मिसळलेले. मान वेगळी दिसत नाही, शेपूट आखूड. उंदीर खाणारा हा साप मारणे म्हणजे आपल्याच कणगीचे नुकसान. झाडाझुडपांत सापडणारा मांजऱ्याही फुरसे समजून मारला जातो. तो सडपातळ, लांब असतो आणि माणसाला त्याच्यापासून धोका नाही.

ओळख पटली नाही तर साप विषारीच समजावा. दंश झाला तर साप पकडायला धावू नका. सरकारी दवाखान्यातली प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारही सापांवर चालते. दोरी आवळणे, ब्लेडने कापणे, भगताकडे नेणे, सगळे टाळा. फुरसे आणि घोणस यांच्या विषाने रक्त गोठत नाही. कापलेली जखम वाहतच राहते. अंगठी, बांगड्या काढा, हातपाय फळीला बांधून स्थिर ठेवा, माणसाला चालवू नका, १०८ला फोन करा. फुरशाच्या दंशानंतर कधी दिवसभर विशेष काही वाटत नाही, मग हिरड्यांतून किंवा लघवीतून रक्त येते. म्हणून बरे वाटले तरी दवाखान्यात थांबावे. तिथे काचेच्या कोरड्या नळीत थोडे रक्त घेऊन वीस मिनिटांनी ते गोठले का पाहतात. ही तपासणी पुन्हा पुन्हा करावी लागते, घरी जायची घाई करू नका.

उद्या भारे उचलायला जाल तेव्हा आधी लांब काठीने उलथवा, पायांत गमबूट घाला.