सणाचे गोड, आपल्याच चुलीवरचे

भीमजयंती आणि बुद्धपौर्णिमा हे आपल्या घरांतले मोठे सण. कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या वस्त्यांत या दिवशी विहारात वंदना होते, मिरवणूक निघते, मुंबईकडच्या लेकीबाळी लोकल पकडून माहेरी येतात. आलेल्याच्या हातावर काहीतरी गोड ठेवावे, असे प्रत्येक गृहिणीला वाटते. पण १४ एप्रिल म्हणजे महिन्याचा मध्य. पगार येऊन वाटेला लागलेला असतो, वाण्याची वही भरलेली असते. रेशनची साखरही आता अंत्योदय कार्डालाच मिळते. मग मिठाईच्या दुकानात जाऊन उधारी वाढवायची का? ऋण काढून सण करू नये, हे आपल्या आया-आज्या सांगत आल्या आहेत.

त्या आया-आज्यांच्या काळात सणाचे गोड घरात कसे येत असे, हेही आठवावे. गावकीची कामे करायची आणि सणाच्या दिवशी दारोदार फिरून उरलेसुरले पदरात घ्यायचे. आपल्याच जिल्ह्यातल्या, म्हणजे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या महाडला १९ आणि २० मार्च १९२७ रोजी परिषद झाली. चवदार तळ्याच्या पाण्याइतकेच महत्त्वाचे बाबासाहेबांनी तिथे आणखी एक सांगितले: मेलेल्या जनावराचे मांस आणि उष्टे-शिळे अन्न सोडा. तेव्हापासून आपल्या चुलीवर आपल्या कमाईचे शिजवणे हा नुसता स्वयंपाक राहिला नाही. म्हणून गोड थोडे असले तरी चालेल. ते मागून आणलेले नसावे आणि कर्ज काढूनही आणलेले नसावे.

गोडाचे आणि आपल्या धम्माचे नाते जुने आहे. विनयपिटकात आजारी भिक्खूंना पाच औषधे घेण्याची मुभा आहे: तूप, लोणी, तेल, मध आणि फाणित. फाणित म्हणजे उसाच्या रसाची काकवी. साखरेला पाली शब्द आहे ‘सक्खरा’. त्याचा एक अर्थ खडे किंवा वाळू असाही होतो. पाकातून पुन्हा दाणेदार होणारी साखर पाहिली की हा शब्द लगेच पटतो.

<b>पाकातली शंकरपाळी</b>

साहित्य: दोन वाट्या पीठ (निम्मी कणीक, निम्मा मैदा), दोन चमचे तांदळाचे पीठ, तीन चमचे गरम तेलाचे मोहन, चिमूटभर मीठ, तळायला तेल. पाकासाठी पाऊण वाटी साखर, पाव वाटी पाणी, असल्यास वेलची.

कर्जतच्या भात संशोधन केंद्राच्या वाणांनी या भागाचे नाव सर्वदूर नेले. घरचा तांदूळ असेल तर त्याचेच पीठ घ्यावे. शंकरपाळी खुसखुशीत होते.

पिठात मोहन चोळून घट्ट भिजवावे व वीस मिनिटे झाकून ठेवावे. जाडसर पोळी लाटून कातण्याने चौकोन कापावेत. मंद आचेवर, घाई न करता तळावेत. आच मोठी असेल तर वरून लाल आणि आतून कच्चे राहतात. तळलेले पूर्ण गार होऊ द्यावे.

<b>सगळे पाकावर</b>

साखर-पाणी उकळायला ठेवावे. थोड्या वेळाने थेंबभर पाक बशीत घेऊन जरा निवू द्यावा, मग दोन बोटांत धरून पाहावा. एक तार आली तर अजून थांबावे. दोन तारा येऊ लागल्या, आणि गार पाण्यात टाकलेल्या थेंबाची मऊ गोळी झाली, की गॅस बंद करावा. लगेच शंकरपाळी घालून सतत हलवावे. पाक निवताना त्यातले पाणी कमी पडते, साखर पुन्हा दाण्यात येते आणि प्रत्येक तुकड्यावर पांढरा लेप बसतो.

पाक कच्चा राहिला तर शंकरपाळी मऊ पडते. फार पुढे गेला तर कढईतच साखर होते. तेव्हा दोन चमचे पाणी घालून पुन्हा गरम करावा. या पाकात लिंबू पिळू नये. लिंबाने साखर दाण्यात येत नाही. ते गुलाबजामच्या पाकाला चांगले, इथे नाही.

गरम पाक अंगावर पडला तर चिकटून बसतो. मुलांना लांब ठेवावे. चटका बसलाच तर वीस मिनिटे नळाच्या पाण्याखाली धरावे. त्यावर तेल किंवा टूथपेस्ट लावू नये.

<b>साखरदाणे</b>

तेलाचाही खर्च नको असेल तर वाटीभर भाजलेले शेंगदाणे, अर्धी वाटी साखर, पाव वाटी पाणी. पाक वरच्यासारखाच करावा, दाणे घालून पांढरे होईपर्यंत हलवावे. घाटावरची लोणावळ्याची चिक्की ही याचीच बहीण. तिचा पाक गुळाचा आणि जास्त कडक असतो.

<b>डब्यात भरताना</b>

पूर्ण गार झाल्याशिवाय झाकण लावू नये. आत वाफ धरली की लेप सुटतो. कोरड्या डब्यात आठ-दहा दिवस सहज टिकते. आपल्याकडे सह्याद्रीच्या पायथ्याचा पाऊस जोराचा, त्यामुळे वर्षावासाच्या दिवसांत थोडेच करावे आणि लवकर संपवावे. घरात कोणाला मधुमेह असेल तर पिठात साखर नसल्याने काही शंकरपाळी पाकात न घालता बाजूला काढता येते.

रंग घालण्याची काहीच गरज नाही. बाजारातल्या भडक पिवळ्या-लाल गोळ्यांत कोणता रंग आहे, ते आपल्याला कळत नाही. घरचे पांढरे गोड मुलांच्या हातात निर्धास्त देता येते.

चार घरच्या बायांनी पीठ, तेल, साखर एकत्र केली तर एका दुपारी विहारापुरते होते. कापायला मुले बसतात, तळायला एक पुरुष उभा राहिला तर बाईची पाठही वाचते. मिरवणूक दारावरून जाताना शेजारच्या घरी, मग ते कोणत्याही जातीचे असो, एक ताटली पाठवावी. आपण मागणारे नाही, देणारे आहोत, हे मुलांना त्या ताटलीतून न सांगता कळते.