धान्य पुरविणाऱ्यांची निवड व त्यांच्याशी सहकार

देणगीच्या रुपयाचे धान्य होते ते व्यापाऱ्याच्या हातून. म्हणून दुष्काळात धान्य पुरविणारा कसा निवडावा व त्याच्याशी कसे वागावे, हे देणगीदारांनीही समजून घेणे अगत्याचे आहे.

१८६६ च्या ओरिसातील दुष्काळात व्यापारी आपण होऊन परप्रांतीचे धान्य आणतील, या भरवशावर सरकार मे महिन्याच्या अखेरपर्यंत स्वस्थ राहिले. पुढे तांदूळ मागविला. परंतु पावसाळा लागल्यामुळे किनाऱ्यावर माल उतरविणे व तो आत नेणे दुर्घट झाले. त्या दुष्काळात सुमारे दहा लक्ष माणसे मेली. याउलट १८७३-७४ साली बिहारात पीक बुडताच सरकारने ब्रह्मदेशातून सुमारे साडेचार लक्ष टन तांदूळ आणविला, आणि तो आत पोहोचावा म्हणून गंगेकाठच्या वाजितपुरापासून दरभंग्यापर्यंत लोहमार्ग घातला. उपासमारीने मृत्यू फारच थोडे झाले. मात्र खरेदी गरजेहून अधिक झाल्याने पुष्कळ धान्य उरले व खर्चाबद्दल टीका झाली.

यावरून असे दिसते की, केवळ भाव पाहून मक्ता देऊ नये. कोठारात माल प्रत्यक्ष आहे काय, वाहतुकीची सोय कोणती, पूर्वीचे वायदे पाळले काय, हे आधी पाहावे. सर्व मक्ता एकाच पेढीस न देता दोन-तीन बाजारपेठांत वाटावा. मोहोरबंद नमुना, वजन, मुदत व माल उतरविण्याचे ठिकाण करारपत्रात स्पष्ट लिहावे. माल हप्त्याहप्त्याने घ्यावा, म्हणजे गरज ओसरल्यास पुढील हप्ता थांबविता येतो.

तथापि करारपत्रानेच सर्व साधत नाही. मुदत चुकल्यास न्यायालयातून नुकसानभरपाई मिळेल. पण तोवर उपाशी राहिलेल्यास तिचा काय उपयोग? म्हणून पुढील महिन्याची गरज व्यापाऱ्यास आगाऊ कळवावी, माल येताच मोजून पावती द्यावी व पैसे ठरल्या दिवशी चुकते करावे. असे गिऱ्हाईक असले म्हणजे व्यापारीही आपली अडचण न लपविता वेळीच कळवितो. पैसे रखडविणाऱ्याची गाडी शेवटी भरली जाते, हे व्यापारी सद्गृहस्थांस सांगणे नलगे.

सबब व्यापाऱ्यांनी खरा साठा व खरी मुदत सांगावी; जमीनदारांनी कोठारे व गाड्या द्याव्या; आणि देणगीदारांनी कबूल केलेली रक्कम वेळेवर भरावी. पैसा पावसापूर्वी हाती आला, तरच धान्यही पावसापूर्वी गावी पोहोचते.