पडद्यावरील शिळा आकडा

तंजावरचे नाव निघाले की मराठी वाचकास भोसल्यांची राजवट व सरस्वतीमहाल ग्रंथालय आठवते. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील शेतकऱ्याच्या मनात मात्र उन्हाळा सरताना एकच विचार असतो: मेट्टूर धरणाची पातळी किती? ती फुटांत मोजतात. १२० फूट झाली की धरण पूर्ण भरले. पाणी सोडण्याचा रूढ दिवस १२ जून होय. २०२५ साली त्या दिवशी मेट्टूरचे दरवाजे उघडले आणि १५ जूनला कल्लणै ह्या प्राचीन बंधाऱ्यातून पाणी पुढे कावेरी, वेण्णार इत्यादी शाखांत सोडण्यात आले. कालव्याच्या शेवटच्या टोकावरील गावी कुरुवै भाताचे रोप केव्हा टाकावे, हे ठरविताना ही पातळी विचारात घ्यावीच लागते.

हा आकडा किती झपाट्याने बदलू शकतो, हे २०२४ साली दिसून आले. जुलैच्या मध्यास पातळी ५० फुटांच्या आत होती. ३० जुलैला ती १२० फुटांस भिडली. अशा पंधरवड्यात चार दिवसांपूर्वीचा आकडा वाचणारा मनुष्य जणू निराळ्याच धरणाविषयी वाचत असतो.

आता समजा, एखाद्या गावातील संगणकाच्या पडद्यावर पातळी दोन दिवस तीच दिसत आहे. माहिती पुरविणारा दूरचा संगणक, ज्यास सर्व्हर म्हणतात, तो चालू आहे. पान उघडते, अक्षरे स्पष्ट आहेत. सर्व्हर बंद पडला तर ते सर्वांच्या ध्यानी येते. तो शिळे उत्तर देऊ लागला, तर कोणासही शंका येत नाही. शिवाय आकडा न बदलणे हा दोषाचा पुरावाही नव्हे, कारण जितके पाणी येते तितकेच सोडले जात असेल तर पातळी खरोखरच स्थिर राहते. म्हणून पाहावयाचे ते आकड्याकडे नव्हे, तर त्याच्या वेळेकडे.

मोजमापापासून पडद्यापर्यंत आकडा अनेक मुक्काम करीत येतो: मोजणीचे ठिकाण, तो गोळा करणारा कार्यक्रम, मुख्य नोंदसंग्रह, तात्पुरता साठा आणि शेवटी वाचकाचा संगणक. प्रत्येक मुक्कामी शेवटची नोंद केव्हाची आहे ते विचारावे. जेथे ताजी वेळ संपून जुनी सुरू होते, त्या दोहोंच्या मध्ये दोष असतो.

तात्पुरता साठा हा गावच्या तळ्यासारखा असतो. प्रत्येक मागणीस नदीपर्यंत जावे लागू नये म्हणून उत्तराची प्रत जवळ ठेवलेली असते. तिची मुदत चुकून फार लांब ठरविली, तर नदी वाढली तरी तळे जुनेच पाणी देत राहते. अशा साठ्यातून आलेल्या उत्तरासोबत त्याचे वय पुष्कळदा सेकंदांत लिहिलेले असते; ते वाचण्याचे कष्ट फार थोडे लोक घेतात.

गोळा करणाऱ्या कार्यक्रमाचा दोष अधिक फसवा आहे. दूरच्या यंत्राशी जोडलेला दुवा मधल्या मध्ये निखळतो, परंतु तसे कळविणारा संदेश येत नाही. कार्यक्रम उत्तराची वाट पाहत बसतो. लिनक्स प्रणालीत असा दुवा जिवंत आहे काय ह्याची चाचपणी कार्यक्रमाने मागितली तरच होते, आणि निराळे मान ठरविले नसल्यास तीही २ तासांच्या शांततेनंतर सुरू होते. अशा वेळी सर्व काही बंद करून पुन्हा सुरू केले की आकडा हलतो व लोक निश्चिंत होतात. आमच्या मते ही घाई टाळावी. तिने थांबण्याचा पुरावा पुसला जातो आणि दुवा पुन्हा निखळतो. आधी नोंदी उतरवून घ्याव्यात, मग वाट पाहण्यास कालमर्यादा घालावी.

एक दोष तर मोठा विलक्षण आहे. मोजणीयंत्राचे घड्याळ बिघडून एका नोंदीवर पुढील महिन्याची तारीख पडली, असे समजू. सर्व्हरला आज्ञा असते: सर्वांत अलीकडची नोंद दाखव. तो इमानाने तीच एक नोंद दाखवीत राहतो. तिच्यामागे रोज नव्या नोंदी बिनचूक जमा होत असतात, परंतु ती तारीख उलटून जाईपर्यंत त्या पडद्यावर येत नाहीत. अशा ठिकाणी दुवे तपासून किंवा साठा रिकामा करून काहीच हाती लागत नाही. भविष्यातील वेळ असलेली नोंद दारातच अडवावी लागते.

पडद्याच्या रचनेतही एक सोय करता येते. आकड्याशेजारी तो मोजल्याची वेळ छापावी, पान उघडल्याची नव्हे. आणि ठरावीक तास उलटले की आकडा फिका करून ‘जुनी नोंद’ हे शब्द तमिळमध्ये ठळक दाखवावेत.